एक-शून्य

कोरोनाच्या त्या वर्षी मार्चमध्ये माझं नेदरलँड्समधलं, स्लोटरडाइकचं ऑफिस बंद झालं आणि आम्ही दोघं झूटरमेरच्या फ्लॅटमध्ये दोन टोकांना लॅपटॉप मांडून बसलो. बायको झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका कन्सल्टन्सीत होती. तिला दिवसभर बोलावं लागायचं, म्हणून बेडरूम तिची आणि स्वयंपाकघरातलं टेबल माझं. माझं काम गप्प बसून करण्याचं. आठवडाभरात मला जाणवलं की दुपारपर्यंत माझ्या तोंडून एकही शब्द निघालेला नसतो. मग जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून इमारतीमागच्या हिरवळीला फेऱ्या मारायची सवय लागली.

आमच्या मजल्यावर सगळ्या घरांची दारं एकाच लांब, उघड्या गॅलरीत आहेत. आमच्यापासून दोन दारं सोडून कुरासावचा एक माणूस एकटाच राहायचा. कुरासाव म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, डच राज्याचाच तुकडा. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा. गॅलरीत भेटला की मान हलवायची, हवेबद्दल एखादं वाक्य बोलायचं, एवढीच आमची ओळख. तो शाळेत खेळाचा शिक्षक आहे हे मला माहीत होतं. तो व्यावसायिक बेसबॉल खेळतो हे माहीत नव्हतं. नेदरलँड्समध्ये असा काही खेळ पैसे देऊन खेळवतात, हेही नाही. इथे त्याला होंकबाल म्हणतात.

हिरवळीच्या टोकाला सायकली ठेवायच्या शेडची मागची भिंत आहे. तिथे त्याने एक जुनी गादी दोरीने टांगली होती, गादीवर पांढऱ्या चिकटपट्टीने चौकोन केला होता, आणि लांबून तो त्यात चेंडू फेकत होता. गादीवर आपटल्याचा आवाज येई, चेंडू खाली पडे, तो चालत जाऊन उचलून आणे, पुन्हा फेके. मी लांबून बघत उभा राहायचो. कुणी कामाला लागलेला माणूस बघायला मिळणं हीच तेव्हा करमणूक होती.

एके दिवशी चेंडू गादीच्या कडेला लागून उडाला आणि थेट माझ्या अंगावर आला. मी तो उजव्या हाताने झेलला. विचार करून नाही, हात आपोआप गेला. तळव्यातून कोपरापर्यंत कळ गेली. मी चेंडू परत फेकला आणि हात खिशात घातला.

तो लांबूनच म्हणाला, "क्रिकेट?"

"विकेटकीपर होतो. कॉलेजात."

तो हसला नाही. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दुकानात फ्रिज बघावा तसं. मग म्हणाला, "उद्या याच वेळेला येतोस? माझे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला घराबाहेर पडायला मनाई आहे, त्याच्या बायकोला फुप्फुसांचा आजार आहे. गादी चेंडू परत देत नाही."

दुसऱ्या दिवशी तो कॅचरचा जाड गोल हातमोजा, जाळीचा मुखवटा आणि छातीला बांधायचं कवच घेऊन आला. सगळं हिरवळीवर ठेवून मागे सरकला आणि मी जाऊन उचललं. दोघांनी बाहेर राहायला परवानगी होती, मध्ये दीड मीटर ठेवून. आमच्या मध्ये अठरा मीटर होते.

बेसबॉलमध्ये गोलंदाज धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर जागच्या जागी उभा राहतो, एक पाय उचलतो आणि फेकतो. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. बॅटरच्या मागे कॅचर उकिडवा बसलेला असतो, तो झेलतो. मी विकेटकीपिंग केलं होतं ते पुण्यातल्या टणक मैदानांवर, बऱ्यापैकी वेगाच्या गोलंदाजांसमोर. पण विकेटकीपर चेंडू घेताना हात मागे ओढून घेतो, वेग जिरवतो. पहिल्याच दिवशी त्याने मला त्यावरून थांबवलं.

"मागे घेऊ नकोस. तू मागे घेतलास की पंचाला वाटतं चेंडू लांबून आला. जिथे आला तिथेच थांबव."

"लागतो."

"हो. लागतोच."

दोनेक आठवड्यांत मला त्याचे चेंडू कळायला लागले. एक सरळ, वेगाचा. एक अर्ध्या वाटेवर खाली बसणारा. एक हळू, जो हातातून सरळच्याच झटक्याने सुटायचा आणि येता येत नसे. कुठला हवा ते मी मांडीच्या आतून बोटांनी सांगायचं: एक बोट, दोन बोटं, चार बोटं. तो मान हलवायचा आणि नेमका तोच टाकायचा. आम्ही बोलत नव्हतो. एकदा नगरपालिकेचे दोन गस्तवाले सायकलवरून आले आणि त्यांनी अंतर ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "हा माझ्या दीड मीटर जवळ आला तर व्हायरसची गरज पडणार नाही." ते हसले आणि गेले. मला त्या दिवसांतलं हसणं आठवतं ते एवढंच.

एप्रिलमध्ये पुण्यात बाबा गेले. पहाटे हृदयविकाराचा झटका आला, रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. कोरोनाचा काही संबंध नव्हता, पण पुणं बंद होतं, विमानं बंद होती, आणि स्मशानात मोजक्याच माणसांना सोडत होते. ताईचा फोन आला तेव्हा आमच्याकडे अजून उजाडायचं होतं. ती म्हणाली, "तू यायचा विचार करू नकोस, येताच येणार नाहीये. मीच करते सगळं." ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणीही ती असंच सांगायची, मी करते, तू बाजूला हो.

स्मशानात भावोजींनी फोन धरला आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बघितलं. बायको माझ्या मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. चित्र अगदी स्वच्छ होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माणसं मध्येच गोठतात, आवाज तुटतो, तसं काही झालं नाही. बाबांच्या नाकातला कापूस दिसला. ताईने चेहऱ्यावर प्लास्टिकची ढाल लावली होती. विद्युतदाहिनीचं दार वर गेलं आणि खाली आलं. मग भावोजी फोन स्वतःकडे वळवून म्हणाले, "ठेवू मग?"

मी म्हणालो, "ठेवा."

त्यानंतर माझी मीटिंग होती. ती मी केली. दोन प्रश्न विचारले, असं नंतर इतिवृत्तात दिसलं. मग जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी कपाटातून हातमोजा आणि मुखवटा काढला. बायको दारात उभी होती.

"आज जाणारेस?"

"तो वाट बघत असेल."

ती बाजूला झाली. मी खाली गेलो, उकिडवा बसलो आणि चेंडू झेलले. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो दिवस मला इतर दिवसांपेक्षा वेगळा आठवत नाही, आणि हेच मला पुढे कुणाला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही गेलो, आणि नंतरही. घरी भाजी चिरायची, कपडे वाळत घालायचे, आईला रोज फोन करायचा. आई विचारायची, जेवलास का. मी विचारायचो, तू जेवलीस का. त्यापलीकडे दोघांना जाता येत नव्हतं. बायकोने एका संध्याकाळी माझा हात हातात घेतला. तळवा सुजलेला होता, अंगठ्याच्या बुडाशी काळानिळा. तिने दाबून बघितलं.

"दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही गं."

"अरे, एकदा रड तरी," ती म्हणाली. तिचेच डोळे भरले होते. मी तिला थोपटलं, जणू दुःख तिचं होतं.

जूनमध्ये एकदा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुला त्या दिवशी दिसत होतं का रे नीट?"

"हो."

"मला काही दिसलं नाही. त्या ढालीवर आतून वाफ धरली होती. हात लावू नका म्हणून स्मशानातला माणूस सारखा ओरडत होता. गुरुजी सांगतील तिकडे मी हात करत होते. बाबांचा चेहरा मला दिसलाच नाही." मग तिने विचारलं, "कसे दिसत होते?"

मी तिला सांगितलं. दाढी वाढलेली होती, एका बाजूचे केस वर आले होते. शर्ट कुठला होता ते सांगितलं, तो तिनेच दिलेला निघाला. डावा कान थोडा दुमडलेला होता. दार खाली येईपर्यंतचं सगळं क्रमाने सांगितलं. ती मध्येच रडायला लागली, पण 'थांब' म्हणाली नाही, म्हणून मी थांबलो नाही. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आपण एखादा अहवाल वाचून दाखवला.

त्या फोनमुळे मला खाली जायला उशीर झाला. तो गादीशी उभा राहून हात फिरवत होता. तोवर निर्बंध सैल झाले होते, मैदानं उघडली होती, त्याच्या क्लबाचा सरावही सुरू झाला होता. तरी दुपारचं आमचं चालूच होतं.

"बहिणीचा फोन होता," मी म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, "माझे वडील गेले."

त्याने हातातला चेंडू खाली ठेवला. "कधी? आज?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये तू इथे होतास."

"हो."

"रोज होतास."

"हो."

मग त्याचा चेहरा रागावल्यासारखा झाला. "म्हणजे ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी मी तुझ्यावर चेंडू फेकत होतो?"

"मला तेच हवं होतं बहुतेक."

"मला ठाऊक असतं तर मी हळू टाकले असते."

"म्हणूनच," मी म्हणालो.

तो हिरवळीवर बसला, मीही माझ्या जागी बसलो, अठरा मीटरवर. वारा होता, त्यामुळे बोलायला आवाज चढवावा लागत होता. त्याने ओरडूनच सांगितलं की त्याची आई बेटावर एकटी आहे, तिला साखरेचा त्रास आहे, आणि मोसम सोडून तो जाऊ शकत नाही. हे असलं बोलणं आम्ही दोघं ओरडून करत होतो. वरच्या गॅलरीतून एका म्हाताऱ्या बाईने वाकून पाहिलं. त्या दिवशी त्याने एकही चेंडू टाकला नाही.

जुलैमध्ये त्यांची लीग सुरू झाली. प्रेक्षक मोजकेच सोडायचे होते; प्रत्येक खेळाडूला दोन जागा मिळाल्या होत्या. त्याच्या दोन जागा त्याने आम्हाला दिल्या. बरोबर एक विनंती होती. सामना इंटरनेटवर दाखवणार होते, पण त्यात कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. त्याच्या आईला चेंडू नको होता. "तिला फक्त मी हवा असतो. तू फोन धरशील?"

मी हो म्हणालो.

मैदान शेजारच्या गावात होतं, कालव्याच्या कडेला. गवताच्या उतारावर खुर्च्या दोन-दोनच्या जोडीने लांब लांब ठेवल्या होत्या. आरडाओरडा करू नये, गाणी म्हणू नयेत अशी पाटी होती. ढगाळ दुपार होती. आम्ही बसलो आणि मी फोन लावला. पलीकडे सकाळ होती. गडद निळ्या भिंतीसमोर एक जाड भिंगांचा चष्मा घातलेली बाई दिसली, मागे कोंबडा ओरडत होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, डच येत होतं. माझ्या बायकोचं डच माझ्याहून चांगलं, म्हणून बोलणं ती करत होती आणि मी हात लांब करून फोन धरत होतो.

पहिल्याच डावात त्या बाईने सुधारणा केली. "हात खाली घे," ती म्हणाली. "चेहरा मला माहीत आहे. पाय दाखव."

मी पाय दाखवले.

त्या दुपारी काय झालं ते क्रिकेटच्या माणसाला सांगणं अवघड आहे, कारण बराच वेळ काहीच झालं नाही. तो फेकत होता आणि समोरचे बॅटर एकेक करून बाद होत होते. हवेत बॅट फिरवत होते, नाहीतर उभ्याउभ्या बघत राहत होते आणि पंचाचा हात वर जात होता. समोरच्या संघाचा पिचर म्हणजे गोलंदाजही तसाच होता, उंच, डावखुरा पोरगा, त्याचा चेंडू खांद्याच्या मागून यायचा. एका बाजूचे तीन बाद, मग दुसऱ्या बाजूचे तीन बाद. फळ्यावर शून्याशेजारी शून्य लागत गेलं. कुणी ओरडत नव्हतं. चेंडू हातमोज्यात गेल्याचा आवाज कालव्यापलीकडून परत येत होता.

मला त्याचा प्रत्येक चेंडू सुटायच्या आधी कळत होता. मनगट किती वळलंय, ढोपर किती वर आलंय, यावरून. चौथ्या डावात बायको म्हणाली, "बोटांनी काय करतोयस?" मी खाली पाहिलं. फोन नसलेला माझा हात मांडीखाली एक बोट, दोन बोटं, पुन्हा एक, असं करत होता.

दोन डावांच्या मध्ये तो बाकड्यावर बसायचा, खांद्यावर टॉवेल टाकून, कुणाशी बोलत नसे. मी फोन तिकडे धरायचो. पलीकडे त्याची आई चहा किंवा तसलं काहीतरी पीत असायची. माझ्या दंडाला रग लागली होती. बायको म्हणाली, "दे, मी धरते थोडा वेळ." मी दिला नाही. भावोजींचा हात त्या दिवशी जराही हलला नव्हता, हे मला तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं. त्यांनी तो कसा धरला असेल, कशाला टेकून, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सातव्या डावात त्याच्या संघाची धाव झाली. त्या डावखुऱ्या पोराचे चार चेंडू लागोपाठ चौकोनाबाहेर पडले, आणि तसं झालं की बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर जायला मिळतं. मैदानात असे तीन बेस असतात, ते ओळीने गाठून बॅटर सुरुवातीच्या जागी, म्हणजे घरी, परतला की एक धाव. हा गडी तिथून संधी साधून दुसऱ्या बेसवर पळाला. पुढच्या बॅटरने बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायापाशी टाकला. तो बाद झाला, पण गडी तिसऱ्यावर पोचला. त्यानंतरच्याने उंच फटका मारला, तो सीमेजवळ झेलला गेला. झेल होताच तिसऱ्यावरचा गडी सुटला आणि घसरत घरी आला. एकही फटका धडपणे बसला नव्हता आणि एक धाव झाली होती. माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली, मग पाटी आठवून हळू वाजवायला लागली.

"काय झालं?" त्याच्या आईने विचारलं. माझा फोन तेव्हा बाकड्याकडे होता, तिच्या मुलाकडे. तोही उठला नव्हता.

बायकोने सांगितलं. त्याची आई म्हणाली, "एक पुरते त्याला."

आठव्या डावात तिने बायकोला काहीतरी म्हटलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या म्हणतात, तो दमलाय. पुढचा पाय लवकर टेकतोय." मला ते दिसलं नव्हतं. पण आता त्याचा खाली बसणारा चेंडू पूर्ण बसत नव्हता, हे दिसत होतं.

नवव्या, शेवटच्या डावात पहिला बाद झाला. दुसऱ्याने चेंडू दोघांच्या मधून काढला आणि तो पहिल्या बेसवर उभा राहिला. तिसऱ्याचा फटका उंच गेला आणि झेलला गेला. मग पहिल्यावरचा गडी दुसऱ्या बेसवर पळाला. आता एकच बाद करायचा होता, आणि एक नीट फटका बसला तर बरोबरी होती. प्रशिक्षक बाकड्यावरून उठून चालत उंचवट्याकडे गेला, पण दीड मीटरवर थांबला. दोघं बोलले. प्रशिक्षकाने हात पुढे केला, चेंडू मागितला. त्याने चेंडू पाठीमागे नेला. प्रशिक्षक परत फिरला.

त्याची आई काहीतरी पुटपुटत होती, तिच्या भाषेत, एकसारखं. त्याचा अर्थ लावायची गरज नव्हती. माझं काळीज धडधडत होतं. मला ते बाहेरून ऐकू आल्यासारखं वाटलं, शेजारच्या घरात कुणी खिळा ठोकत असावं तसं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

बॅटर धिप्पाड होता. दोन चेंडू त्याने बाजूला मारले. दोन त्याने सोडले. मग तो हळू चेंडू आला, येता न येणारा, आणि बॅटरची बॅट लवकर फिरून तिचं फक्त टोक चेंडूला लागलं. चेंडू घरंगळत पहिल्या बेसच्या दिशेने निघाला. तो उंचवट्यावरून उतरला, वाकून त्याने चेंडू उचलला. पहिल्या बेसवर त्याचा माणूस हात पसरून उभा होता. सोपी फेक होती, शाळकरी पोरालाही जमेल अशी. त्याने फेकली नाही. चेंडू पोटाशी धरून तो स्वतः पळत सुटला, बॅटर एकीकडून आणि हा दुसरीकडून. पाऊलभर आधी त्याचा पाय बेसवर पडला.

सामना संपला. एक-शून्य.

माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही उभा होतो, फोन पुढे धरून. फोनमध्ये ती बाई चष्मा काढून पदरासारख्या कशाने तरी डोळे पुसत होती, आणि शेजारी माझी बायको रडत होती. बऱ्याच वेळाने तो कुंपणापाशी आला, आमच्यापासून लांब उभा राहिला. मी फोन उंच धरला. मायलेक मोठ्याने बोलले. मग त्याने मला विचारलं, "बघितलंस?"

"फेकला का नाहीस?"

त्याने उजवा हात वर केला आणि बोटं हलवली. "सातव्या डावापासून ही बोटं जाणवत नव्हती. चेंडू फेकायची माझी पद्धत ठरलेली आहे, ती हाताला पाठ आहे. पण ती सोपी फेक पाठ नव्हती. म्हटलं, पाय माझे आहेत, पळावं."

परतताना गाडीत बायकोने विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं वाटलं."

"बरं म्हणजे?"

मी खरं सांगितलं. "शेवटी थोडं काहीतरी वाटलं. आता नाही वाटत."

ती पुढे रस्त्याकडे बघत होती. "थोडं तर थोडं," ती म्हणाली.

मोसम संपल्यावर त्याने ती जागा सोडली. कोपराचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. करायचं तर आईपाशी राहून करू, असं तो म्हणाला. मीच त्याला विमानतळावर सोडलं. प्रवाशांखेरीज कुणाला आत सोडत नव्हते. रस्त्याच्या कडेलाच आम्ही एकमेकांना कोपर लावलं, त्याने डावं. अधूनमधून तो बेटावरच्या शाळेतल्या पोरांचे फोटो पाठवतो. मी अंगठा पाठवतो.

मला पुण्याला जायला हिवाळा उजाडला. जाऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अस्थी ताईने विसर्जित केल्या होत्या, बाबांचे कपडे आईने देऊन टाकले होते, बँकेची कामं भावोजींनी केली होती. मी नळाचे वॉशर बदलले. सगळे माझ्याशी जपून वागत होते, बाबांचा विषय टाळत होते, आणि मीही काढत नव्हतो.

चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "चल, बागेत जाऊन येऊ." सोसायटीच्या बागेत बाकावर बाबांच्या कंपनीतले एक जुने स्नेही बसले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मास्क हनुवटीवर, अंगात स्वेटर. त्यांचं विसरणं वाढलंय असं आईने फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं. उठले, दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. अंतरबिंतर त्यांच्या डोक्यात नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"अरे, तुला कळलं का?" ते म्हणाले. "तुझे बाबा गेले रे."

आई पुढे होऊन काही बोलणार होती. मी तिला हाताने थांबवलं.

"कधी, काका?" मी विचारलं.

"बस, सांगतो," ते म्हणाले, आणि मला बाकावर स्वतःशेजारी बसवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. अर्धं चुकत होतं. मध्येच त्यांनी बाबांना दवाखान्यात नेलं, मध्येच मलाच तिथे उभं केलं. आई पलीकडे तगरीच्या झाडाजवळ उभी राहून ऐकत होती. त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. मी काहीही दुरुस्त केलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.